मेंढरांची हाक

करमाडच्या बिरू धनगराला चैतात लकव्याचा झटका आला. हातपाय महिन्याभरात सावरले, वाचा मात्र गेली. गेली तरी कशी म्हणावी? सकाळी मेंढरं सोडताना "अर्र ये, ये ये!" अशी खणखणीत हाक निघायची. बायकोनं काही विचारलं की तोंड नुसतंच हलायचं. बानाबाईचं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं संसार माझ्याशी केला आणि बोलतो मेंढरांशी! सोंग करतोय, असं गावानं तर ठरवूनच टाकलं होतं.

शेवटी तिनं त्याला शहरात, उस्मानपुऱ्यातल्या वाचेवर उपचार करणाऱ्या तनुजा मॅडमकडे आणलं. मॅडमनी जीभ बाहेर काढायला लावली, गाल फुगवायला लावले. सगळं ठीक होतं.

"म्हणा, पाणी."

बिरूचे ओठ चाचपडले. "ताणी... पाली... णा..." दर वेळी चूक नवी, आणि चुकलं हे त्याला कळत होतं. त्याचे डोळे भरून आले.

"मावशी, कुणाची जीभ लुळी पडते, तो प्यायल्यासारखा बोलतो. कंपवातात आवाज बसतो, शब्द पळतात. यांच्या जिभेत जोर आहे. शब्दही आठवतो, पण तो तोंडानं घडवायचा कसा, तेच हरवलंय. अंगवळणी पडलेलं आपोआप निघतं, मुद्दाम बोलायला गेलं की अडतं."

"मंग सोंग नाय?"

"नाही हो. तुमचं नाव तरी बसलं असेल तोंडात. काका, बायकोचं नाव सांगा."

बिरूनं सगळा जीव एकवटला. मानेच्या शिरा फुगल्या, पण शब्द फुटला नाही.

"नाय यायचं मॅडम," बानाबाई म्हणाली. "माझं नाव त्यांनी कवा घेतलंच नाय. बोलवायचं तर नुसतं खाकरायचे."

मॅडम म्हणाल्या, रोज सराव करा, वर्षभरात कदाचित येईल. बानाबाईला त्यातलं 'कदाचित' तेवढं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी हाक घुमली तशी ती हातातली बादली टाकून मेंढरांमधून वाट काढत त्याच्यासमोर उभी राहिली. लाजबिज सगळी सोडून म्हणाली, "नाव ऱ्हाऊ द्या. हीच हाक मला मारा. एकदा."

बिरूनं तोंड उघडलं. ओठ थरथरले, वाकडे झाले. आता मेंढरांची हाकसुद्धा निघेना. तो कपाळावर हात मारून खाली बसला. बानाबाईला वाटलं, होतं तेवढंही आपण मागून घालवलं. ती तोंडात पदर कोंबून बादलीकडे वळली.

मागून बिरू खाकरला.

"आले," ती म्हणाली.