फ्यूजताई आणि पाहुणा दिवा

त्या गल्लीत तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे फ्यूज. गाडीत कुठे काही बिघडलं की सगळ्यात आधी उडतो तो फ्यूज, आणि गॅरेजात कुठे काही बिघडलं की सगळ्यात आधी उडायची ती. हे नाव तिच्या कानावर होतं. तिला ते आवडायचंसुद्धा, पण तसं तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं.

गॅरेज आधी वडिलांचं, मग थोरल्या भावाचं. वरची खोली भावाचीच. एकतिसाव्या वर्षी ती सासरहून एक बॅग घेऊन परत आली ती त्याच खोलीत राहिली. सासरी काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं तर त्याला ती हातातला पाना साफ करायला द्यायची. दुसऱ्या आठवड्यापासून खाली उतरून ती वायरिंगचं काम बघायला लागली. बघता बघता अशी तयार झाली की गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी नुसत्या आवाजावरून कुठली वायर नाटक करतेय ते सांगायची.

पण कागदावर ती कोणीच नव्हती. परदेशातून आलेली गाडी रस्त्यावर आणायची तर तपासणी कार्यालयाच्या अर्जात एक रकाना असतो: विद्युत काम करणाऱ्याची सही. ती सही करायला परवाना लागतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती परीक्षेला बसली. आजूबाजूला सगळी तिच्या निम्म्या वयाची पोरं. पहिल्या खेपेला लेखी परीक्षेत आपटली. भाऊ म्हणाला, "झाली हौस?" ती दुसऱ्यांदा बसली आणि पास झाली. दुकान त्याचं, खोली त्याची, आडनावसुद्धा आता नक्की कोणाचं ते तिला सांगता आलं नसतं. ती सही मात्र तिची होती. वेडीवाकडी होती, तारेचं भेंडोळं सुटल्यासारखी. पण तिची होती.

आता त्या गाडीचं सांगतो.

गाडी दातांच्या डॉक्टरांची. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला पोट टेकेल की काय इतकी बुटकी, निळीशार. ज्या देशात वाहनं आपल्या उलट बाजूनं चालतात तिथून आली होती. डॉक्टरांनी ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या अक्कलदाढा उपटून घेतली होती आणि तिच्याकडे ते बघायचे ते नवरदेवासारखे. स्टिअरिंग उलट्या बाजूला होतं ते नियमाला चालत होतं. मागचा फॉग लाइट मात्र नियमाला चालत नव्हता.

गाडीच्या मागे धुक्यात दिसावा म्हणून एक जास्तीचा, झगझगीत लाल दिवा असतो. या गाडीला तो एकच होता आणि तो तिच्या देशाच्या हिशेबानं बसवलेला. इथल्या रस्त्यावर तो कडेच्या अंगाला येत होता. नियम म्हणतो, एकच असेल तर तो मध्यभागी हवा, नाहीतर रस्त्याच्या मधल्या अंगाला. या नियमाला लोक हसतात. हसणाऱ्यानं एकदा दाट धुक्यात गाडी चालवून बघावी. समोर फक्त एक लाल ठिपका दिसतो. माणूस त्या ठिपक्यावरून ठरवतो की पुढची गाडी कुठे आहे. ठिपका कडेला असेल तर उरलेली अख्खी गाडी रस्त्यात आडवी येतेय हे त्याला कळतं ते धडकल्यावर.

"काचा अदलाबदल होत नाहीत," ताईनं मागचे दोन्ही दिवे काढून बघितले आणि सांगितलं. "एकीत फॉग, एकीत रिव्हर्स. दोन्ही चपलांच्या जोडासारख्या, इकडची तिकडे बसत नाही. नवा दिवा लावावा लागेल. बंपरला खालून भोक पाडायचं, वायर आत घ्यायची, जुना फॉग बंद करायचा. अर्ध्या दिवसाचं काम."

"भोक?" डॉक्टर म्हणाले. "माझ्या बंपरला?"

"तुम्ही दिवसभर लोकांच्या जबड्यात काय करता, डॉक्टर? रांगोळी काढता?"

डॉक्टरांना हसू आलं नाही. भाऊ मात्र पुढे झाला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "भोक कशाला? पाहुणा आहे ना."

पाहुणा म्हणजे त्या गल्लीतलं गुपित. गल्लीत पाच गॅरेजं आणि पाचांत मिळून एक फॉग लाइट. त्याला मागून दुहेरी चिकटपट्टी आणि दोन चिमटे. तपासणीच्या दिवशी तो गाडीला चिकटवायचा, चिमटे टेल लाइटच्या वायरीला लावायचे, गाडी पास झाली की काढून घ्यायचा आणि पुढच्या गॅरेजात पाठवायचा. एक दिवस येतो, मान घेतो आणि जातो म्हणून पाहुणा. सकाळी सकाळी गल्लीत हाक ऐकू यायची, "अरे, पाहुणा कोणाकडे उतरलाय?" अशा कितीतरी गाड्या त्या एका दिव्यावर पास होऊन दिव्याशिवाय फिरत होत्या.

"पाहुणा चालणार नाही," ताई म्हणाली.

"का? आजवर चालला की."

"आता सही माझी लागते."

डॉक्टर गेल्यावर भाऊ भडकला. "तू स्वतः पन्नास गाड्यांना पाहुणा लावलायस! स्वतःच्या हातानं! आता सोवळ्यात बसलीस?"

"लावलाय," ती म्हणाली. "पन्नास नसतील, पण लावलाय. त्याची लाज वाटते म्हणून तर परीक्षेला बसले. आता नाही लावणार."

"गिऱ्हाईक समोरच्या गॅरेजात जाईल."

"जाऊ दे."

"तुला काय जातंय म्हणायला! तू जेवतेस कोणाच्या—"

वाक्य त्यानं अर्धवट सोडलं, पण पोचायचं ते पोचलं होतं. तिनं टेस्टर खिशात घातला आणि वर निघून गेली. त्या दिवशी ती जेवायला खाली आली नाही. वहिनीनं ताट वर पाठवलं, ते तिनं झाकून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी निळी गाडी जागेवर नव्हती. "समोरच्याकडे दिली," भाऊ म्हणाला आणि नजर चुकवून खड्ड्यात, एका टेम्पोखाली उतरला. बरं झालं, तिला वाटलं. थोडं वाईटही वाटलं. काम छान झालं असतं.

चौथ्या दिवशी डॉक्टर परत आले. गाडी घेऊनच.

"टेल लाइटचा फ्यूज सारखा उडतोय," ते म्हणाले. "बाकी तुमचे आभार मानायचे होते, ताई. तुमची सही बघितली आणि कार्यालयातल्यांनी फार काही विचारलंच नाही. पटकन झालं."

"माझी सही?"

डॉक्टरांनी कौतुकानं फाइल उघडली. रकान्यात तिचं नाव होतं आणि पुढे सही. गोलाई किती सुबक, शेवटी खाली ओढलेली रेघ किती ऐटबाज! तिला स्वतःला ती जन्मात जमली नसती. गाडीमागे वाकून बघितलं, तर तिथे पाहुणा अजून चिकटून बसलेला, चिमटा सुटून पत्र्याला टेकलेला. फ्यूज उडणारच होता. दोन्ही अर्थांनी म्हणायला हरकत नाही, पण ती उडाली नाही. उलट तिचा आवाज इतका खाली आला की गल्लीतल्या जुन्या लोकांना भीती वाटली.

"दादा. वर ये."

भाऊ खड्ड्यातून वर आला, हात पुसत. फाइल बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो उसनं हसला.

"अगं, एवढं काय? लहानपणी तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कोण करायचं? मीच ना? तेव्हा बरी गोड लागायची."

"तेव्हा मी नापास होते," ती म्हणाली. "आता पास झालेय."

तिनं डॉक्टरांच्या हातातून गाडीची किल्ली घेतली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"गाडीवर माझं नाव आहे ना? मग कामही माझंच होणार. बंपरला भोक पडेल."

"अहो, गाडी पास झालीय!"

"ती सही माझी नाही, एवढं एक वाक्य मी तिकडे जाऊन बोलले की नापास होईल. तुम्ही आत्ता बसा, नाहीतर उद्या कार्यालयाच्या बाकावर बसा. बसायचं तर आहेच."

डॉक्टर जुन्या टायरवर बसले. ती कामाला लागली. पाहुण्याला गाडीवरून खरवडून काढलं, ऐरणीवर आणून ठेवलं आणि हातोड्याच्या एका घावात त्याचा चुरा केला. मग बंपर सैल केला. ब्रेकच्या दिव्यापासून पंजाभर अंतर मोजलं, जमिनीपासूनची उंची मोजली, पुन्हा मोजली, पांढऱ्या पेन्सिलीनं खूण केली आणि ड्रिल उचललं.

"थांबा!" डॉक्टर ओरडले. ते घामाघूम झाले होते. "मला बघवत नाही. पाडायचंच असेल तर मी पाडतो."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या हातांकडे. हात अजिबात थरथरत नव्हते. तिनं मुकाट्यानं ड्रिल त्यांच्या हाती दिलं. डॉक्टर गुडघ्यावर बसले, सवयीनं म्हणाले, "थोडं दुखेल," आणि असं गोल, स्वच्छ भोक पाडलं की कडेला ओरखडासुद्धा नाही. ताईला मनापासून आवडलं. तिनं तसं सांगितलंही. पुढचं तिनं केलं. भोकात रबरी कडं बसवलं, वायर आतून फिरवून जुन्या फॉगच्या जागेवरून आणली, जुन्या दिव्याची जोडणी कायमची तोडली, प्रत्येक जोडावर नळी चढवली. संध्याकाळच्या आत दिवा लागला. डॉक्टर गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, तिथून मागे वळून बघितलं आणि हात वर केला. स्वतःचं भोक त्यांना तिथून दिसत नव्हतं, दिवा दिसत होता.

एवढ्यात शेजारच्या गॅरेजवाल्यानं शटरमधून डोकं काढून विचारलं, "ताई, उद्या आमच्याकडे एक गाडी आहे. पाहुणा कुठे आहे?"

"वारला," ती म्हणाली.

मग तिनं नवा अर्ज भरला. स्वतःची वेडीवाकडी सही केली आणि डॉक्टरांच्या फाइलमधला जुना कागद काढून दोन्ही कागद भावापुढे धरले.

"हे घेऊन उद्या तू तिकडे जायचं. पहिली सही कोणी केली ते सांगायचं."

"मी?" भावाचा आवाज फाटला. "परवाना जाईल माझा! गॅरेजचा परवाना! बाबांच्या वेळेपासूनचा!"

"मी गेले तर मी तुझं नाव सांगेन. तू गेलास तर तू सांगशील. यातलं काय बरं दिसतं ते तू ठरव. पण उद्या दुपारपर्यंत दोघांतलं एक कोणीतरी जाणार."

"सख्खी बहीण ना तू माझी?"

"म्हणून तर उद्या दुपारपर्यंत थांबतेय."

वहिनी जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती रडायला लागली. "ताई, घर चालतं हो त्याच्यावर. तुम्हीपण त्याच घरात राहता." हे खरं होतं आणि ताईला ते चांगलंच लागलं. तिला आतून रडू येत होतं. भावावर तिचा जीव होता. सासरहून ती आली तेव्हा एक शब्द न विचारता त्यानं बॅग उचलून वर नेली होती, हे ती विसरली नव्हती. पण बॅग उचलली म्हणून माणसाचं नावही उचलायचं, असा काही करार नव्हता.

"राहते, वहिनी," ती म्हणाली. "उद्या जा म्हणालात तर उद्या जाईन. पण कागद जाणारच."

सकाळी भाऊ तयार झाला. इस्त्रीचा शर्ट घातला, दोन्ही कागद छातीशी धरले आणि स्कूटरला किक मारली. ती लागेना. ताई पुढे झाली, प्लगची टोपी दाबली, स्कूटर सुरू झाली.

तो दुपार कलल्यावर आला. पायरीवर बसला, पाणी मागितलं. वहिनीनं आणलं. ताई कामावरून उठली नाही, पण तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला होता.

"एक महिना बंद," तो म्हणाला. "परवाना गेला नाही. एक महिना शटर खाली."

त्यानं पाण्याचा पेला रिकामा केला.

"जबाब लिहून घेतला. खाली सही करा म्हणाले." तो थांबला. "मला माझी सही येईना, गं. बाबांची येते, तुझी येते, समोरच्याची पण येते. माझी करायला गेलो आणि हात बाबांच्याच वळणावर गेला. ते म्हणाले, ही परवान्यावरच्या सहीशी जुळत नाही, परत करा. परत केली. परत नाही जुळली. सगळी ओळ मागे उभी होती. मला वाटलं, आता म्हणतील, हा माणूसच खोटा आहे."

गल्लीतले चौघेही गॅरेजवाले आपापल्या दारात येऊन उभे होते. कानोसा सगळ्यांना लागला होता. ताई उठली, भावाच्या शेजारी पायरीवर येऊन बसली.

"मग?"

"चौथ्यांदा जुळली."

"मग झालं तर."

ती उठली, शटरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ते धाडकन खाली ओढलं. त्या चारही दारांकडे वळून म्हणाली, "काय बघताय? महिनाभर बंद आहे. पुढच्या महिन्यात दिवे लावून घ्यायला या, आणि बंपरला भोक पडणार आहे हे घरी सांगून या."