मेणाचा डावा पाय

लाइट गेली की मेणबत्ती लावते आणि वितळत्या मेणाच्या वासाने मला अंधेरीतल्या आमच्या चर्चबाहेरची टपरी आठवते. तिथे मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं मांडलेली असायची. ज्याचं जे दुखतं ते घ्यायचं आणि वेदीपाशी वाहायचं, अशी आमच्यात रीत. पप्पांचा उजवा पाय शुगरमुळे चिघळला तेव्हा मम्मी सलग नऊ बुधवार मेणाचा उजवा पाय वाहत होती. मेच्या उन्हात तो पिशवीत मऊ पडायचा, म्हणून ती त्याला ओल्या रुमालात गुंडाळायची, पप्पांचं ड्रेसिंग करावं तितक्या हळू. दहावा बुधवार यायच्या आधीच डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. त्या बुधवारी मम्मी पुन्हा टपरीसमोर उभी राहिली आणि माझं डोकंच फिरलं. "अगं, आता कशाला? पाय गेला ना!" मी सगळ्यांसमोर ओरडले. तिने शांतपणे एक पाय उचलला. "हा डावा आहे," ती म्हणाली. "आता त्याला एकट्यालाच चालायचंय." मी तिची पिशवी धरून मागे उभी राहिले. आता मम्मी माणसं विसरत चाललीय, कधी कधी मलाही. प्रार्थना मी केव्हाच सोडली, तरी परवा मम्मीसाठी म्हणून त्या टपरीवर गेले. "कुठे दुखतंय त्यांना?" टपरीवालीने विचारलं. समोर सगळं मांडलेलं होतं, आणि मला बोट कशावर ठेवावं तेच कळेना.