क्लच मॅडमची मागणी

"क्लच! अगं, क्लच!" सकाळी सकाळी मुलुंड पूर्वेच्या गल्लीतून ही आरोळी आली की अंथरुणातली माणसं कूस बदलून म्हणायची, क्लच मॅडम निघाल्या. नाव त्यांचं कुलवंत कौर. ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर ते मोठ्या अक्षरांत रंगवलेलंही होतं, पण त्या नावानं हाक मारणारं कुणी मला भेटलं नाही. सलवार-कमीज, ओढणीला कमरेपाशी गाठ, पायात पांढरे बूट आणि तोंडात अस्सल मुंबईची मराठी. मुलुंडच्याच म्युनिसिपल शाळेत शिकलेल्या. शिकवायच्या फक्त बायकांना. "पुरुषांना सगळं आधीच येतं ना," असं म्हणायच्या आणि मोठ्यानं हसायच्या.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. विमा कचेरीत टेबलामागे आयुष्य गेलेलं, रस्त्याची भीती. एकदा चेकनाक्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागून ट्रक, बस, रिक्षा सगळे एकदम वाजायला लागले. "मॅडम, तुम्ही घ्या ना," मी रडवेली होऊन म्हटलं. त्यांनी हाताची घडी घातली. "घाई त्यांना आहे. तुला कुठाय? न्यूट्रल कर, चावी फिरव." शेजारच्या रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून काहीतरी सुनावलं, तशी त्यांनी काच खाली केली. "काय रे भाऊ, तू आईच्या पोटातून शिकून आलेलास काय?" तो ओशाळून हसला आणि त्यानंच मागच्यांना थांबवलं. गाडी सुरू झाली. त्यानंतर मी कुणाच्या हॉर्नला घाबरले नाही.

त्यांच्या घरात दोघंच. त्या आणि धाकटा भाऊ बिट्टू. आई लवकर गेली, म्हणून बिट्टूला त्यांनीच वाढवला. लग्नाचं विचारलं की म्हणायच्या, "वेळच नाही मिळाला यार." बिट्टू बंदरावरच्या क्रेन दुरुस्त करायचा आणि त्याच कामासाठी परदेशातल्या एका बंदरावर गेला होता. देशाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. एका सकाळी मॅडमनी क्लास रद्द केला. तापातसुद्धा त्यांनी कधी असं केलं नव्हतं, म्हणून मी घरीच गेले. बिट्टूला तिथल्या पोलिसांनी उचललं होतं. क्रेनच्या बिघाडाचे फोटो त्यानं काढले होते, तीच हेरगिरी ठरली. त्याला ठेवलंय कुठे, हे कुणी सांगत नव्हतं.

बऱ्याच आठवड्यांनी त्याचा फोन आला, तेव्हाही योगायोगानं मी तिथेच होते. घरात पंजाबी बोलणारा, बहिणीला दीदी म्हणणारा बिट्टू आधी हिंदीत म्हणाला, मी ठीक आहे, जेवण मिळतं. मग त्याच सपाट आवाजात, हवापाण्याचं बोलावं तसा म्हणाला, "ताई, हात मागे बांधून टांगतात गं. खांदे गेले. कसल्या तरी कागदावर सही घेतली, मला वाचता येत नव्हता." पलीकडे कुणीतरी ओरडलं. फोन कटला.

मॅडमनी फोन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मराठीत बोलला. म्हणजे ऐकणाऱ्याला हिंदी येत होतं." उठून त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि ओढणीला गाठ मारली. "चल. आता बसून राहायचं नाही."

बिल्डिंगमधले एक गृहस्थ जिन्यात भेटले. सभ्य माणूस. हळूच म्हणाले, "काहीतरी केल्याशिवाय कोण कशाला धरेल हो?" मला वाटलं आता वाट लागली यांची. पण मॅडम दोन पायऱ्या खाली येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "केलं असेल तर कोर्टात दाखवा. त्याचे हात कशाला मोडायचे? तुमच्या मुलाला असं धरलं तर मी हेच म्हणेन." पुढे सह्यांचा कागद फिरला तेव्हा त्या गृहस्थांनी तो स्वतःहून मागून घेतला.

मदतीला कोण आलं? त्यांच्या हाताखाली गाडी शिकलेल्या बायका. गुरुद्वाऱ्याच्या लोकांनी लंगरनंतर हॉल मोकळा करून दिला आणि तिथे आम्ही सगळ्या सतरंजीवर बसलो. डॉक्टरीणबाई, शिक्षिका, घाटकोपरची एक ब्युटी पार्लरवाली आणि मेधा नावाची वकील. कुणी म्हणालं, 'बिट्टूला सोडा' अशी मोठी घोषणा करू. मेधा म्हणाली, "सोडा म्हटलं की ते म्हणतील, कोर्ट ठरवेल. आपण म्हणू, त्याला तुरुंगाबाहेरच्या डॉक्टरला दाखवा. त्याला नाही कसं म्हणणार?" मॅडमनी मांडीवर थाप मारली. "झकास. एकच मागणी. तीच सगळ्यांनी बोलायची, दुसरं काही नाही."

मग मुलुंड-घाटकोपरच्या गाड्यांच्या मागच्या काचांवर बिट्टूचा फोटो लागला. पिवळी पगडी, हसरे डोळे, खाली चार शब्द: 'बिट्टूला बाहेरच्या डॉक्टरला दाखवा.' टीव्हीवाला आला, त्याला मॅडम रडताना हव्या होत्या. "रडून झालंय माझं," त्या म्हणाल्या, "मागणी विचार." परराष्ट्र खात्याच्या इथल्या कचेरीतल्या अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं, "छळ झाला याला पुरावा काय? हा तर नुसता आरोप आहे." मॅडम तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "आरोपच आहे, साहेब. म्हणून तर डॉक्टर मागतोय." अधिकाऱ्यानं पेन उघडलं.

एकदाच त्या खचलेल्या पाहिल्या. आपल्या वकिलातीचा माणूस बिट्टूला भेटून आला होता आणि त्यानं फोटो पाठवला होता. बिट्टू वाळला होता, पण मॅडमची नजर तिथे गेलीच नाही. "पगडी काढली त्याची," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. बिट्टूला पहिल्यांदा पगडी बांधली त्या दिवशी गल्लीभर लाडू वाटले होते, हे त्या मला तेव्हा सांगत होत्या. मी त्यांचा हात धरून बसले. मग त्यांनीच हात सोडवून घेतला. "मेधाला फोन लाव. मागण्या दोन झाल्या."

पगडी आधी मिळाली. डॉक्टरला खूप वेळ लागला, पण तोही मिळाला. दोन्ही खांदे निखळलेले आणि तसेच वाकडे बसलेले, असं त्यानं लिहून दिलं. तिथल्या न्यायाधीशानं तो सही घेतलेला कबुलीचा कागद बाजूला ठेवला आणि त्या कागदाशिवाय खटल्यात काही उरलंच नाही. बिट्टू सुटला.

विमानतळावर मॅडम स्वतः गाडी घेऊन गेल्या. मी मागे बसले होते. बिट्टू बाहेर आला, तो पाया पडायला वाकला, पण त्याला हात पुढे नेता येईनात. मॅडमनी त्याला तसाच कवेत घेतला. भर गर्दीत दोघं कितीतरी वेळ उभे होते. मग त्या म्हणाल्या, "चल, पार्किंगचा मीटर पळतोय," आणि आम्ही तिघं एकदम हसलो, रडलोही.

मुलुंडमध्ये मात्र बिट्टूला चैन पडेना. जिन्यात पावलं वाजली की दचकायचा. नांदेडला त्यांचे मामा आहेत, मोकळं घर आहे. त्याला तिकडे न्यायचं ठरवून मॅडमनी स्कूलची पाटी उतरवली. निघाल्या त्या दिवशी आम्ही सगळ्या गेटपाशी जमलो होतो. कुणीतरी आणलेला हार त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "ज्यांनी त्याला टांगलं त्यांच्यावरची तक्रार अजून बाकी आहे," त्या मला म्हणाल्या. "तिकडून मी फोन करीन. इथली धावपळ तुझी." मी म्हटलं, "मॅडम, मला त्यातलं काय कळतं?" "गाडीतलं काय कळत होतं?" एवढं म्हणून त्यांनी गाडी गेटबाहेर काढली.

तेव्हापासून मेधाबरोबर परराष्ट्र खात्याच्या त्या कचेरीत मी जाते. कागद देते, पोच घेते, पुन्हा जाते. मागच्या आठवड्यात तिकडून उत्तर आलं, चौकशीसाठी अधिकारी नेमला आहे. मी कचेरीच्या पायऱ्यांवरूनच नांदेडला फोन लावला. माझा आवाज आनंदानं चढला होता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"नाव काय त्याचं?"

"कुणाचं?"

"त्या अधिकाऱ्याचं."

"ते नाही लिहिलेलं, मॅडम."

"मग फोन कशाला केलास? परत आत जा आणि विचार."

मी परत आत गेले.