तुरुंगातल्या बाळयेशूचा अंगरखा

आमच्या सान हासिंतोचा तुरुंग स्पॅनिश लोकांनी बांधलेला, भिंती दोन-दोन हात रुंद. दोन्या चोले, म्हणजे चोलेबाई, लग्न होऊन आली ती थेट तिथल्या स्वयंपाकघरात, कारण नवरा कैद्यांचा आचारी. पुढे कैदी गेले, नवरा देवाघरी गेला, तुरुंगाचं संग्रहालय झालं, पण चोलेचा एक नेम मोडला नाही. कोठड्यांच्या वाटेवर कोनाड्यात लाकडी बाळयेशू आहे. दर दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, बाळ देवळात जातो, तो चोलेने शिवलेल्या नव्या अंगरख्यात. जुन्या कपड्यात त्याला देवापुढे नेणं म्हणजे तिच्या लेखी पापच.

यंदा पिवळं साटीन शिवून आदल्या दिवशी ती गेली, तर कोनाड्याला काच आणि काचेला कुलूप! खाली पाटी: ‘अंगरखा, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा.’

आधी ती पोट धरून हसली. मग उद्याचा सण आठवला, तशी ती हसायची थांबली.

“रोहेलिओ, बाळा, कुलूप काढ,” ती नव्या संचालकाला म्हणाली.

“दोन्या चोले, भलतंच काय! हात लावला तर विरून जाईल तो.”

“अरे, माझ्या परकराची लेस आहे ती. गेल्या वर्षी मीच शिवलाय.”

“राजधानीतल्या तज्ज्ञांनी पाहिलाय.”

“त्यांनी माझा परकर पाहिला होता का?”

झाडणारी बाई फिस्सकन हसली. रोहेलिओ कानापर्यंत लाल झाला.

“गळ्यापाशी बघ,” चोले म्हणाली. “इलॅस्टिक घातलंय. राजाच्या काळी मिळायचं का रे?”

रोहेलिओने बॅटरी मारली, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि गुपचूप किल्ली काढली. पण वस्तूला हात फक्त संचालकाने लावायचा, असा नियम. पांढरे हातमोजे चढवून त्याने बाळाला दोन्ही हातांनी उचललं.

चोलेने टाळ्याच पिटल्या. “झालास बाळाचा धर्मपिता!”

आमच्याकडे सणासाठी बाळाला जो उचलतो, तो तीन वर्षं त्याचा धर्मपिता, आणि सणाला सगळ्या आळीला तमालेस, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले सारणाचे उंडे, खाऊ घालायचे तेही त्यानेच.

“मी नियम म्हणून उचललं हो!”

“बाळाला कुठले कळताहेत तुझे नियम? डुकराचे करणार की मिरचीचे, ते सांग.”

दुसऱ्या दिवशी पिवळ्या साटिनातला बाळ थाटात देवळात गेला. रोहेलिओच्या आईने पहाटे उठून वाफवलेले तमालेस तासाभरात फस्त झाले. चोलेने चार खाल्ले, मक्याची पानं नीट घडी करून ठेवली.

“मीठ कमी आहे,” ती रोहेलिओला म्हणाली. “असू दे. अजून दोन वर्षं आहेत, शिकशील.”