आयुधपूजेनंतरच्या जाळ्या

सन साठच्या आसपास मी बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात सुपरवायझर होतो. पत्रा कापणाऱ्या प्रत्येक प्रेसपुढे, हात आत जाऊ नये म्हणून, लोखंडी जाळी असे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिकडं यंत्रांची आयुधपूजा होते, तिला या जाळ्या काढून ठेवायच्या, कारण कुंकू थेट पात्याला लागलं पाहिजे. इथवर माझी तक्रार नव्हती. पण पूजेनंतर जाळ्या परत बसवायचं कुणी नाव काढत नसे. कोहळा फोडलाय, आता वर्षभर काय होतंय, हे आमच्या फोरमनचं इंजिनीअरिंग. विलायतेत ट्रेनिंग घेऊन आलेला माणूस! तिथून कोट तेवढा घेऊन आला होता.

पहिल्या वर्षी मी भांडलो. तो हसत "एनू आगोल्ला" म्हणाला, काही होत नाही. आठवड्यानं जाळ्या चढल्या. पुढच्या वर्षी तीन आठवडे लागले, तरी काही झालं नाही. काही न होणं हाच त्या गाढवांचा पुरावा. तिसऱ्या वर्षी मीही त्यांच्यातलाच झालो. दर शनिवारी यंत्रं पाहून वहीत 'जाळ्या जागेवर' असं लिहून सही करायचं काम माझं. ते मी कँटीनची कॉफी पीत खुर्चीतच उरकू लागलो.

एका प्रेसवर बेळगावकडचे एक वयस्क कामगार होते. मराठी बोलायला मिळतं म्हणून मी त्यांच्यापाशी घटकाभर थांबत असे. त्यांनी एकदाच विचारलं, "साहेब, जाळी कधी बसवताय? हात घालताना धीर होईना बघा."

"बसवू अण्णा, सोमवारी," मी म्हणालो.

सोमवार गेला. गुरुवारी अण्णांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्यांना दवाखान्यात नेलं आणि अर्ध्या तासात सगळ्या जाळ्या चढल्या. एवढंसं काम होतं ते.

चौकशीत वही उघडली. शनिवारी जाळी जागेवर होती, म्हणजे ती अण्णांनीच काढली असणार, असं ठरलं. मला एवढंच विचारलं, सही तुमचीच ना? मी हो म्हणालो. अण्णा समोर बसले होते, बांधलेला हात मांडीवर घेऊन. मी पुढं काही बोलेन म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मी टेबलाकडे बघत राहिलो.

निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांना कामावरून काढलं. फोरमन निदान मूर्ख तरी होता. मला सगळं कळत होतं.