आत्याचं काम केलेली नटी

माझी आत्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवऱ्याचं घर सोडून नळदुर्गला आमच्याकडं आली, ती कायमचीच. रडत आली नाही, हेच गावाला जास्त खुपलं. ती शेतात राबली, मला वाढवलं, कुणाला काही समजावत बसली नाही.

तिच्यावर सिनेमा निघेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण ओळखीच्या एका दिग्दर्शकाच्या कानावर तिची गोष्ट गेली, आणि एक दिवस पुण्याहून एक नटी आमच्याकडं राहायला आली. मला वाटलं, बाई चार दिवसांत पळणार. ती टिकली. आत्याबरोबर खुरपायला जायची, चुलीपुढं बसायची. विचारायची कमी, बघायचीच जास्त.

"लई बघती गं ही," आत्या म्हणायची. "माज्या तोंडावर काय लिवलंय का?"

सिनेमा लागला तेव्हा आत्याला घेऊन मी सोलापूरला गेले. थिएटरात मोजकीच माणसं होती. पडद्यावर ती नटी पिशवी घेऊन सासरच्या अंगणातून निघाली आणि माझ्या अंगावर काटा आला. एक खांदा किंचित पुढं, मान ताठ, पदर मुठीत. आत्याच ती. मी जन्मले नव्हते तेव्हाची, माझ्याहून लहान असलेली आत्या मी डोळ्यांनी बघत होते.

शेजारी वळले, तर आत्यानं पुढची खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"आत्या, बरं वाटतंय ना?"

"गप बस," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "जाऊ दे तिला."

पुढं त्या नटीचं नाव मोठ्या पुरस्कारासाठी गेलं. आम्ही टीव्हीपुढं बसलो. बक्षीस गेलं दुसरीला. तिनं नवऱ्याचा मार सोसून संसार सावरणाऱ्या सुनेचं काम केलं होतं आणि तो सिनेमा तुफान चालला होता.

दुसऱ्या दिवशी नटीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"आत्या, सोहळा दाखवणाऱ्या चॅनलचाच तो जिंकलेला सिनेमा होता. एक परीक्षक मला म्हणाले, काम तुझंच उजवं. पण नवरा सोडलेल्या बाईला बक्षीस दिलं तर घरोघरचे लोक नाराज होतात, जाहिरातवाले बिचकतात. मी कुठं कमी पडले का हो?"

"न्हाय गं बाई. म्या सोता घर सोडलं तवा मला तरी कुणी हार घातला व्हता?"

पलीकडून हसू फुटलं. मग आत्यानं फोन जवळ ओढला.

"एवढंच सांग. अंगणातनं निगताना पाय जड झालं व्हतं का तुजं?"

"लई जड झाले होते, आत्या."

"मग बरुबर केलंस तू."

मी आत्याकडं बघतच राहिले. ताठ मानेनं निघून आलेली बाई म्हणून सारं गाव तिला ओळखत होतं, मीही. तिचे पाय जड झाले होते, हे मला त्या दिवशी कळलं.