लाल ठिपक्याचा बल्ब

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केलेली आहे. नागपुरातल्या एका आयटीआयमध्ये बावीस वर्षं मी इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. आमच्या घरात दिवा आपोआप लागतो असं कुणी म्हणालं, की मी म्हणायचो — न्यूट्रल तपासून घ्या. बहुतेक वेळा न्यूट्रलचीच तार सैल निघायची! त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटते आहे. पण घरात सांगून सांगून सगळे कंटाळले, म्हणून आता तुमच्या गळ्यात मारतो...

माझी मोठी बहीण शकूताई धरमपेठेत राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बस डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी भंगारात निघालेली एक शाळेची मिनीबस आणली आणि दोन वर्षं खपून तिचं चक्क घर केलं. दोन बिछाने, गॅसचा ओटा, पाण्याची टाकी, टीचभर संडास-बाथरूम. काय माणूस होता हो! ताईला घेऊन त्या गाडीतून पार कन्याकुमारीपर्यंत जाऊन आले. त्यांची एक डेपोतली सवय होती. काम पूर्ण झालं, की पत्र्यावर बोटांच्या पेरांनी तीनदा ठकठक करायचे आणि गाडीला सांगायचे, "जा, पोचून ये." घरातल्या कुकरची शिटी बदलली तरी कुकरवर तीनदा ठोकायचे. मी हसायचो. ते म्हणायचे, "ठोकल्याशिवाय काम संपलं म्हणू नाई, विनायकराव."

भाऊजी गेले आणि गाडी दीड वर्षं ताडपत्रीखाली उभी राहिली. ताई तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. बोलणं कमी, जेवण त्याहून कमी. आम्ही सगळे काळजीत. आणि मग या दिवाळीनंतर एक दिवस तीच म्हणाली, "विन्या, पारशिवनीले जाऊन येऊ का गा एकदा? यांच्या वावरातल्या आंब्याखाली गाडी लावू. एक मुक्काम करू." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी लगेच गाडीचा ताबा घेतला. ही एक फेरी नीट झाली तर ताई पुन्हा माणसांत येईल आणि बिघडली तर परत कधी गाडीत पाय ठेवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

इंजिन ठीक होतं. आतल्या दिव्यांचा मात्र मला पहिल्यापासून राग. सात दिवे, सगळे जुने तारेचे पिवळे बल्ब... बॅटरी पिणारे. म्हटलं, एलईडी लावून टाकतो. ताईचं तोंड उतरलं. "काहून? यांनी लावलेले चांगले आहेत ना?"

"ताई, सगळे एलईडी दिवसभर चालू ठेवले ना, तरी बॅटरीला कळणारसुद्धा नाही."

"लाव बाबा. तू मास्तर आहे."

सीताबर्डीच्या बाजारातून बल्ब आणले आणि एका रविवारी सकाळी कामाला बसलो. दिव्यामागचा पहिला प्लायचा तुकडा खोलला आणि बघतच राहिलो. इतकं देखणं वायरिंग मी आमच्या वर्कशॉपमध्येही पाहिलेलं नाही, शप्पथ. पत्र्यातून तार जाते त्या प्रत्येक भोकाला रबराची रिंग. चार-चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या तारा. प्रत्येक तारेला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर भाऊजींचं ठसठशीत अक्षर — 'ओटा', 'मधला', 'बाथरूम', 'माझा'. ताईच्या बिछान्यावरच्या दिव्याच्या तारेवर लिहिलं होतं, 'हिचा'. बाकीचे बल्ब दहा वॅटचे होते, तिचा तेवढा पाच वॅटचा, कारण तिच्या डोळ्यांना उजेड खुपतो. अदलाबदल होऊ नये म्हणून त्याच्या पितळी टोपीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. नेलपॉलिश अर्थात ताईची, न विचारता घेतलेली.

आता माझा पराक्रम ऐका. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी घसा फोडून सांगतो. आणि मी स्वतः काढला नाही. पाच मिनिटांचं तर काम, असं म्हणत राहिलो. शेवटच्या, 'हिचा'च्या होल्डरला पेचकस लागला, चट्ट ठिणगी उडाली, फ्यूज उडाला. पुन्हा सीताबर्डीला कोण जातं? फ्यूजवर तारेचा एक पदर गुंडाळला आणि दिलं ठोकून. तिथलाच एक स्क्रू घरंगळून कुठेतरी गेला होता. माझ्या डब्यातला दुसरा लावला. जरा लांब होता. बसला की झालं! बावीस वर्षं शिकवणारा माणूस मी... लिहितानाही कान गरम होतात.

काढलेले सात बल्ब मी फेकणार होतो. ताईने ते एकेक करून कागदात गुंडाळले आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले. डबा तिच्या कापडी पिशवीत गेला. "असू दे. जागा काय खाते?"

तेरा दिवसांनी, शनिवारी सकाळी निघालो. मी चालवतो आहे, ताई मागे. फुशारकी मारायला मी सातही दिवे सकाळपासून चालू ठेवले होते. ताई म्हणे, दवाखान्यात बसल्यासारखं वाटून राहिलं. कन्हान गाव मागे पडल्यावर म्हणाली, "विन्या, माह्या डोक्यावरचा फडफडून राहिला गा."

"गाडी हलते म्हणून," मी म्हटलं आणि विसरून गेलो.

वावरात, म्हणजे भाऊजींच्या शेतात पोचलो. आंब्याखाली गाडी लावली. आभाळ भरून आलं होतं, ऊन नावालाही नाही. वांग्याची भाजी, भाकर आणि ठेचा. ताई दीड भाकर जेवली! दीड वर्षात मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, जरा पोथी वाचत टेकते. मी बाहेर सतरंजीवर लवंडलो. तिचा चष्मा पिशवीत होता आणि पिशवी गाडीच्या पार पुढे, ड्रायव्हरच्या सीटमागे खुंटीला.

"विन्या... ए विन्या! इकडे ये बरं."

गेलो. तिच्या हातात श्रीखंडाचा डबा. चेहरा कसातरीच झालेला.

"हात लावून पाह्य."

कागदाची एक पुडी मी सहज उचलली आणि हाय रे! चटका बसून हातातून सुटली. पुडी सीटवर पडली. कागद मधोमध तपकिरी झालेला. आत लाल ठिपक्याचा बल्ब, नुकताच होल्डरमधून काढल्यासारखा तापलेला. बाकीच्या सहा पुड्या मी एकेक करून हातात घेतल्या. गार. एकदम गार.

"ताई, तू काही केलं का? काडी लावली? गॅसवर..."

"मी काय येडी आहे का? चष्मा काढासाठी हात घातला, तर डबा ऊन-ऊन लागला." ती बिछान्याकडे बघत होती. "यांचा दिवा परत लाव. त्याशिवाय मी तिथं टेकत नाई."

"अगं, आत्ताच कशाला? झोप तू. घरी गेल्यावर लावतो."

"आत्ताच लाव म्हणते ना!"

ताईचा तो आवाज ऐकला, की मी आजही आठ वर्षांचा होतो. पेचकस घेतला आणि पुटपुटत तिच्या उशीवरचा तो प्लायचा तुकडा खोलला. तुकडा हातात आला तसा आतून धूर आला.

माझा लांब स्क्रू भाऊजींच्या तारेत घुसून मागच्या पत्र्याला टेकला होता. वाटेतल्या हादऱ्यांनी तार सोलून निघाली होती. फ्यूजने केव्हाच उडायला हवं होतं, पण त्याला तर मीच बांधून ठेवलेलं! प्लाय आतून कोळसा झाला होता, कडेला लाल ठिणगी धुमसत होती आणि तिथून चार बोटांवर ओट्याकडे जाणारी गॅसची नळी. ताई तिथेच डोकं ठेवून पडणार होती. डोळा लागला असता तिचा...

मी धावत जाऊन बॅटरीचा मायनस काढला, सिलेंडर बंद केला, ठिणगीवर पाण्याचा तांब्या रिकामा केला. मग गाडीच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. ताईला सगळं सांगितलं. मायनस, फ्यूज, स्क्रू, सगळं. ती रागावली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

नंतर बल्बला मीटर लावला. फिलामेंट तुटलेलं, काच आतून काळी. तेरा दिवसांपूर्वी मी तो जळता काढला होता, चांगला धडधाकट होता. आता गेलेला.

तेव्हापासून मी डोकं खाजवतो आहे. ऊन नव्हतं. डब्यात ना बॅटरी, ना तार. जळणाऱ्या जागेपासून पिशवी अख्खी गाडीभर लांब. ताईला नकळत जळका वास आला असेल, असं आमच्या वर्कशॉपमधले एक सहकारी म्हणाले. मान्य. पण चटका मला बसला ना? बोटावर दोन दिवस फोड होता. तसलाच दुसरा बल्ब त्याच डब्यात, त्याच पिशवीत महिनाभर ठेवून पाहिला. गार तो गारच. ताईला मात्र उत्तर नकोच आहे. ती म्हणते, "जिवंत होते तेव्हाबी तुहं काम मागून जाऊन तपासतच होते. तुले माहीत नव्हतं."

हे मला खरंच माहीत नव्हतं.

मुक्काम न करता त्याच संध्याकाळी, दिव्यांची तार सोडवून, गाडी हळूहळू घरी आणली. मग सगळं वायरिंग भाऊजींच्या पद्धतीने नीट केलं. मायनस आधी काढून. रबराच्या रिंगा, मेणाचा दोरा, बरोबर अँपिअरचा फ्यूज, आखूड स्क्रू. सहा दिवे एलईडी. सातव्या होल्डरला ताईच्या हट्टाने नवा पाच वॅटचा पिवळा बल्ब लावला आणि लाल ठिपका तिने स्वतः दिला. शेवटचा स्क्रू आवळून मी हात पुसत खाली उतरलो.

ताई दारात उभी होती. "झालं?"

"झालं."

ती गाडीच्या पत्र्याकडे बघत राहिली. मग माझ्या लक्षात आलं. मी वळलो आणि पत्र्यावर पेरांनी तीनदा ठकठक केलं.

पुढचं भाऊजींचं वाक्य ताईच गाडीला म्हणाली, "जा, पोचून ये."

पुढच्या शनिवारी आम्ही पारशिवनीला गेलो. राहिलेला मुक्काम केला.